मोतीरामच्या जीपचा हॉर्न

कडुबा मिस्त्रींना 'वॉरंटी' म्हणता येत नाही. ते 'वारंट' म्हणतात. "गाडी वारंटात हाय, तार कापणार नाय," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात, आणि दुकान हर्सूलच्या तुरुंगापासून फार लांब नसल्यामुळे नवखा माणूस दचकतो. लोकांनी हसून पाहिलं, सुधारून पाहिलं. आता कुणी त्या भानगडीत पडत नाही.

मूळ गाव पिशोर. शाळा सातवीत सुटली, हात मात्र तारेवर बसला. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी जळगाव रोडवर पत्र्याचं दुकान टाकलं तेव्हा त्या रस्त्याला काळ्या-पिवळ्या जीपांचं राज्य होतं. एका जीपमध्ये अठरा माणसं, त्यातली चार मागं लटकलेली. त्या जीपांची सगळी वायरिंग कडुबांच्या हातची. जादा दिवे, ड्रायव्हरपुढचा पंखा, आणि हॉर्न. हॉर्न ही त्यांची खासियत. तीन भोंगे, तीन सूर, एकामागून एक असे लावून द्यायचे की पिशोरच्या बायका चुलीपुढून सांगायच्या, हा फकिराचा, हा मोतीरामचा. कायदा तेव्हाही होता. विचारत कुणी नव्हतं, एवढंच.

तार जोडायची त्यांची एक रीत होती. सोलायची, पिळायची, वरून काळी टेप गुंडाळायची आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला ते नखानं उचलता येतं. एवढी सभ्यता त्या धंद्यात दुसऱ्या कुणाकडं नव्हती, आणि कडुबांना तिचा भारी गर्व होता. मागच्या वर्षी तोच नडला.

बँकेत नोकरी करणारा विश्वजित नवी गाडी घेऊन आला. त्याला पुढं जादा दिवे हवे होते. कडुबांनी तार कापली, जोडली, टोक दुमडलं. तीन महिन्यांनी गाडीचा कंप्यूटर बंद पडला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बॉनेट उघडलं, जोड दिसला, आणि त्यांनी सांगून टाकलं : बाकी गाडीची वॉरंटी आहे, पण कापलेल्या तारेमुळं जे बिघडलं त्याची नाही. विश्वजित भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मोबाइलवरचा फोटो पुढं धरला.

"काका, ही टेप तुमचीच ना?"

दुमडलेलं टोक स्वच्छ दिसत होतं. "व्हय," कडुबा म्हणाले. सहीच ती, नाही कशी म्हणणार. त्या दिवसापासून नव्या गाडीची तार कापणं बंद.

आणि मग दिवाळीनंतर तनुजा आली. मोतीरामची मुलगी, सिल्लोडला शाळेत शिकवते. गाडी स्वतःच्या कमाईची, पाच महिन्यांची. तिनं डिकीतून गोणपाटात बांधलेलं काही काढलं आणि बाकावर ठेवलं. कडुबांनी गाठ सोडायच्या आधीच ओळखलं. जीप भंगारात गेली त्याला बारा वर्षं झाली. हॉर्न तेवढा मोतीरामनं काढून ठेवला होता.

"परवा अण्णांचं वर्षश्राद्ध हाय," ती म्हणाली. "मी उद्या गावाला चाललेय. आईला आता नीट दिसत नाय. म्हणलं, घरापाशी गाडी आली की हा वाजावा. एकदा तिच्या कानावर पडू दे. बसवून द्या, मामा."

"नाय बसवत."

"तुम्हीच बनवलाय."

"म्हणून तर सांगतो. तार कापली की तुझं वारंट गेलं."

"माझी गाडी, माझं वारंट."

"आणि तीन सुरांचा भोंगा गाडीला चालत नाय. पोलीस धरतील. पोरांना शिस्त शिकवणाऱ्या बाई चौकात पावती फाडताना दिसतील."

"अण्णांना वीस वर्षं कुणी धरलं नाय."

"तुझ्या अण्णांच्या जीपला ब्रेकबी धड नव्हते. तेबी काढून घेऊ का तुझ्या गाडीचे?"

तनुजा हसली नाही. ती गाडीत जाऊन बसली, पण गाडी चालू केली नाही.

कडुबांनी गोणपाट सोडलं. भोंग्यांना गंज होता. मागं तारेचा जोड, उन्हातान्हानं कडक झालेली टेप, आणि टोक दुमडलेलं. इतक्या वर्षांत ते उचलायची कुणाला गरजच पडली नव्हती. त्यांनी नख घातलं. टेप सुटली. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. ते त्यांनी घासलं. मग एक फळी घेतली, तिच्यावर हॉर्न पक्का केला, शेजारी जुनी बॅटरी आणि घराच्या बेलचं बटण.

"हे गाडीला लावायचं नाय," खिडकीशी येऊन ते म्हणाले. "डिकीत सामान म्हणून नेऊ. तुझ्या अंगणात आरटीओचं काय काम? उद्या मला इथनंच घे."

"आणि दुकान?"

"ते कुठं पळतंय."

दुसऱ्या दिवशी कडुबा तनुजाच्या शेजारी बसून पिशोरला निघाले. मोतीराम ज्या ज्या फाट्यावर हॉर्न वाजवायचा ते फाटे ते बघत होते. एकाही फाट्यावर कुणी मान वर केली नाही. काचा बंद होत्या, गाडीचा आवाजच नव्हता.

अंगणात त्यांनी फळी उतरवली आणि बटण दाबलं. तीन सूर निघाले, मधला फाटका. त्यांनी स्क्रू पिळून पुन्हा दाबलं. अजून थोडं पिळलं, पुन्हा दाबलं. आता बरोबर.

घरातून तनुजाच्या आईचा, भागूबाईचा आवाज आला, "तने, पीठ वाढव गं. तीनदा वाजला."

"म्हणजे?" कडुबांनी विचारलं.

"एकदा वाजला की अण्णा एकटे," तनुजा हळू म्हणाली. "दोनदा म्हणजे चहा ठेव. तीनदा म्हणजे संगं जेवायला माणूस हाय."

हॉर्न बनवणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. मोतीरामबरोबर या घरी ते कितीदा जेवले होते. दर वेळी ताट तयार, भाकरी तव्यावर. त्यांना वाटायचं, या बाईचा हातच सढळ.

भागूबाई चौकट धरून बाहेर आली. हात पिठाचे. आवाज जिथून आला तिकडं तोंड करून थोडी उभी राहिली.

"कोण हाय संगं?"

"मी, कडुबा."

"मग चारदा वाजवायचं होतं," ती म्हणाली. "तुमच्या एकट्याला दोघांचं लागतं."