हाड म्हटलं की येणारं पिल्लू

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, त्याची आधीच माफी मागते. खरं तर हे सांगायचं काम यांचं, माझ्या यजमानांचं होतं. गावी सुट्टीवर गेलो की पोरं यांच्याभोवती बसायची आणि हे फौजेतल्या गोष्टी सांगायचे. आधी ठिकाण, मग हवामान, मग काय झालं. मीही तसंच लिहिते.

ठिकाण: रियाधच्या बाहेर, आमच्या कफीलची, म्हणजे मालकाची शेती. खजुराची झाडं, बकऱ्या, एक शेड आणि पुढे नुसतं वाळवंट. हे फौजेत डॉग हँडलर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. इथे राखणीला लागले आणि मी स्वयंपाकाला. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. हे शेतीला कधी शेती म्हणाले नाहीत. पोस्टच म्हणायचे. फजरची, पहाटेची नमाज झाली की दारात उभे राहून विचारायचे, "सब ठीक?" मी आतून म्हणायचं, "सब ठीक, साब." मला लाज वाटायची, पण म्हणायचे.

कफील अबू सुलतान म्हातारे, बहिरी ससाण्याचे शौकीन. झुडपातून तित्तर उठवायला त्यांना कुत्रा हवा होता. त्यांची सलुकी कुत्री व्याली तेव्हा यांना म्हणाले, "हवालदार, एक तुम पसंद करो. सर्दी में चिड़िया नहीं उठाया तो ये भी खलास, तुम भी एक्झिट." एक्झिट म्हणजे सामान बांधून गावी. त्या वेळी आमचं गावचं घर अर्धं बांधून उभं होतं.

सलुकीला इथे कुत्रा म्हणत नाहीत, शिकारीच्या जनावराचा मान देतात. मला मात्र तेव्हा कुत्रं ते कुत्रंच. त्याचं तोंड लागून नमाजचे कपडे नापाक होतील ही काळजी, वर भीती. खाणं घेऊन शेडमध्ये गेले की पिल्लं पायात यायची आणि मी ओरडायचे, "हाड! हाड!"

यांनी पिल्लांची परीक्षा घेतली. थाळी जोरात आपटली. एक पळून कोपऱ्यात गेलं, ते बाद. मग दोरीला पंख बांधून फिरवला. बाकीची पंखामागे धावली. एक तांबूस पिल्लू जागचं हललं नाही. पुढचा पाय उचलून ते शेडच्या उघड्या दाराकडे बघत राहिलं. दारात कोणी नव्हतं. दाराबाहेरही कोणी नव्हतं.

"हे येडं आहे," मी म्हटलं.

अबू सुलतान हसले. "ये अंधा है क्या?"

हे हसले नाहीत. बराच वेळ पिल्लाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साब, यही."

नंतर मला एकदाच सांगितलं. सरहद्दीवर पेट्रोलिंगला यांची कुत्री अशीच पाय उचलून थांबली होती. समोर काही दिसत नव्हतं. यांच्याबरोबर नाईक साळुंखे होता, साताऱ्याकडचा. यांनी ऑर्डर दिली, "आगे." साळुंखे पुढे झाला. खाली सुरुंग होता. साळुंखे गेला, कुत्रीही गेली.

"तिला कळलं होतं," हे म्हणाले. "मला नाही."

पिल्लाचं नाव यांनी शेरा ठेवलं. ते त्या नावाला कान हलवेना. मी "हाड" म्हटलं की शेपूट हलवत धावत यायचं. रोज खाणं आणताना मी तेच ओरडायचे, त्याला ते आपलं नाव वाटलं. अबू सुलताननी विचारलं, "हाड का मतलब क्या?"

"मराठी में शेर, साब," हे सरळ तोंडाने म्हणाले. मी तोंडावर ओढणी धरली.

थंडीत पहिली शिकार. सकाळची वेळ, हवा स्वच्छ. हे, अबू सुलतान आणि हाड चालत पुढे गेले. मी चहाचा थर्मास घेऊन जीपमध्ये, मांडीवर वॉकी-टॉकी. सेटवर दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"यल्ला, भेजो!"

"रुको, साब. उसने पाँव उठाया है."

"कुछ नहीं है उधर!"

"साब, आगे मत जाओ. रुको."

तेवढ्यात धूळ उठली. जीपचं बॉनेट दिसेना. सेट खरखरला. मी बटण दाबलं, "अहो, सब ठीक?" उत्तर नाही. मग सेटवर एक आवाज आला. अगदी जवळून, सावकाश.

"म्होरं जाऊ नगंस. म्होरं जाऊ नगंस."

तो यांचा आवाज नव्हता. आम्ही कोकणातली माणसं, आम्ही असं बोलत नाही; ही घाटावरची बोली. त्या वाळवंटात दुसरं मराठी माणूस नव्हतं.

मी खाली उतरले. परपुरुषासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी घसा फुटेपर्यंत ओरडले, "हाड! हाड!" किती वेळ ते माहीत नाही. आधी हाड दिसला, मग त्याचा पट्टा, मग पट्टा धरलेले हे, आणि यांचा खांदा धरलेले अबू सुलतान.

धूळ बसल्यावर आम्ही परत जाऊन बघितलं. हाड थांबला होता तिथून एका पावलावर अबू सुलताननी काठी रोवली. काठी खाली गेली ती गेलीच. जुनी विहीर. तोंडावर सुक्या फांद्या, वर वाळू. काठीच्या आवाजाने पलीकडच्या झुडपातून तित्तर उठले. कोणी ससाणा सोडला नाही.

घरी मी विचारलं, "सेटवर कोण होतं?"

"माझा सेट धुळीत बंद पडला होता," हे म्हणाले. मी ऐकलेले शब्द सांगितले. हे खाटेवर बसले. "म्होरं," एवढंच म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत.

एक्झिट झाली नाही. गावचं घर पूर्ण झालं. हे त्यात राहिले नाहीत. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले, इथल्याच मातीत आहेत. अबू सुलताननी मला स्वयंपाकाला ठेवून घेतलं.

हाड आता मोठा झाला आहे. फजरनंतर दारात येतो आणि पाय उचलून थांबतो, हे उभे राहायचे त्या जागेकडे बघत. मी हाक मारली तरी लगेच येत नाही. मग मला कळतं तो कशासाठी थांबला आहे. मी आतून म्हणते, "सब ठीक, साब."

तेव्हा तो पाय खाली ठेवतो.

हे लिहिलं ते गेलेल्यांच्या आठवणीसाठी. नाईक साळुंखे. यांची फौजेतली कुत्री, तिचं नाव यांनी मला कधी सांगितलं नाही. हवालदार इस्माईल, माझे यजमान.