फोडणी नसलेलं दार
सुनेनं फोडणी घातली आणि लसूण-मिरचीचा ठसका लागला की मला सुरतेच्या उधन्यातली ती चाळ आठवते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी आरोग्यसेविका म्हणून तिथे देवीचे रोगी शोधत घरोघर फिरायचे. देवी आलेल्या घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधत, त्यावरून घर सापडे. पण खानदेशातून मिलच्या कामाला आलेल्या, त्या चाळीतल्या बायांना हे कळलं होतं. पोर दवाखान्यात उचलून नेतील या भीतीनं त्यांनी सगळ्याच दारांना डहाळे बांधले. "आठे कोनीच आजारी नही शे, बाई," एक म्हातारी म्हणाली. सकाळपासून चालून पायांचे तुकडे पडले होते, म्हणून मी नळाजवळच्या ओट्यावर नुसती बसून राहिले. संध्याकाळी मिल सुटली, स्टोव्ह पेटले आणि दारादारातून फोडणीचा ठसका उठला. एकाच दारातून काही आला नाही. घरात देवी असेपर्यंत फोडणी घालायची नाही, हे आमच्याही घरी पाळत. मी त्या दारात गेले. आत फोडांनी भरलेलं पोर मांडीवर घेऊन आई बसली होती. "तुमले कोनी सांगं?" तिनं विचारलं. "फोडणी नाही घातली तुम्ही," मी म्हणाले. "म्हंजे तुम्ही ते आमनाच शेतस," ती म्हणाली, आणि रडत तिनं पोर माझ्या हातात दिलं. ते वाचलं. देवीही कधीच गेली. तरी अजून एखाद्या संध्याकाळी शेजारच्या दारातून फोडणीचा वास आला नाही, की माझे दुखरे पाय आपोआप उठतात.