गोळी बंद होणार नाही

आमच्या जाऊबाईंना कारखान्यात सगळे ‘कात्री’ म्हणतात. हाताने कापतात आणि तोंडानेही, म्हणून. समोर म्हणायची कोणाची हिंमत नाही. मीही घरात जाऊबाईच म्हणते, पण त्यांच्याविषयी सांगायचं तर मला कात्रीच म्हणू द्या, म्हणजे जीभ मोकळी राहते.

आमच्या कारखान्यात गणवेश शिवतात. शाळांचे, हॉटेलांचे, इस्पितळांचे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखणी करायची आणि उभ्या पात्याचं विजेचं यंत्र त्या थरांतून फिरवायचं, हे कात्रीचं काम. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. पातं बोटभर सरकलं तर ढीगभर बाह्या गेल्या कामातून. मी त्याच शेडमध्ये कॉलर लावते. कापणी झाल्याशिवाय आम्हा शिवणाऱ्यांच्या हाताला काम नसतं, म्हणून कात्री सगळ्यांच्या आधी हजर. उशीर म्हणजे काय, हे त्या बाईला माहीतच नाही.

आणि हो, त्यांना डोक्याचा आजार आहे. दचकलात ना? सगळेच दचकतात. रक्तदाब म्हटलं की लोक पथ्य सुचवतात आणि डोकं म्हटलं की खुर्ची मागे सरकवतात!

त्यांना आवाज ऐकू यायचे. पंख्यातून, नळातून माणसं बोलायची. कापड विषारी आहे म्हणायची. एकदा त्यांनी घरातले सगळे पडदे, चादरी, माझं नवं पांघरूणसुद्धा गच्चीवर नेऊन टाकलं होतं आणि दाराला पाठ लावून बसल्या होत्या, आम्हाला विष लागू नये म्हणून. आम्हाला वाचवत होत्या हो त्या! औषधं झाली, बदलली, आमच्या नाकी नऊ आले. शेवटी मनाच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी दिली आणि ती लागू पडली. पंखा नुसता पंखा राहिला.

त्या गोळीची एक अट होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या रोगजंतूंशी लढतात, त्या ही गोळी काही जणांत कमी करते. म्हणून नेमाने रक्त तपासायचं. कात्रीने एका शब्दाने कुरकुर केली नाही. इस्पितळाची रक्त घ्यायची खिडकी सकाळी उघडली रे उघडली की पहिल्या त्याच, आणि तिथून थेट कापणीच्या टेबलावर. कारखान्यात कोणी विचारलं तर थायरॉइडची तपासणी. हे थायरॉइड माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे कात्रीच्या नवऱ्याने शोधून काढलेलं. माणूस देवासारखा, पण चार लोक काय म्हणतील या विचारानेच अर्धा झालेला.

सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात बोटं सुजायला लागली. गालांवर लाल चट्टे आले, तोंडात फोड आले, जिना चढताना धाप लागायला लागली. सांध्यांच्या डॉक्टरांनी निदान केलं, ल्युपस. म्हणजे ज्या पेशींनी बाहेरच्या शत्रूशी लढायचं, त्या आपल्याच अंगावर उठतात.

“घ्या!” कात्री म्हणाली. “आधी डोकं माझ्यावर उलटलं, आता अंग. माझ्याशी पटवून घ्यायला कोणीच तयार नाही वाटतं.”

मी हसले. दीर हसले नाहीत.

पुढच्या वेळी आम्ही तिघं गेलो, तेव्हा सांध्यांचे डॉक्टर कागद बघून गंभीर झाले. पांढऱ्या पेशींचा आकडा खाली आला होता. “ही मनाची गोळी आजपासून बंद,” ते म्हणाले. “पेशी आणखी घटल्या आणि ताप आला तर जिवावर बेतेल.”

माणूस वाईट नव्हता. भीती खरी होती त्यांची, मला दिसत होती. पण माझ्या डोळ्यांपुढे ती गच्ची आली.

कात्री म्हणाली, “बंद नाही करणार.”

“अहो बाई, धोका समजतोय का तुम्हाला?”

“समजतो. तुमचा धोका येईल किंवा येणारही नाही. माझा मी बघून आले आहे. ही गोळी थांबवलीत तर पुढच्या वेळी या खुर्चीत दुसरीच कोणीतरी बसलेली असेल, आणि तिला तुमचं एक अक्षर पटणार नाही.”

दीर हळूच म्हणाले, “अगं, डॉक्टर सांगताहेत तर ऐक की.”

“अहो, तुम्हाला ऐकू येत होते का ते आवाज? नाही ना? मग गप्प बसा.”

डॉक्टर म्हणाले, पेशी गोळीने घटल्या असतील किंवा ल्युपसनेही, सांगता येत नाही. हे ऐकलं आणि कात्रीचा आवाज चढला. “चोर कोण ते ठाऊक नाही आणि फाशी माझ्या गोळीला? आधी मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा. दोघं एकमेकांशी बोला. माझं डोकं आणि माझे सांधे एकाच अंगात राहतात, तुम्ही दोघं एकाच इमारतीत राहून बोलत नाही!”

आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. परिचारिकेने सांगून पाहिलं, पहारेकऱ्याने सांगून पाहिलं. ढिम्म हलल्या नाहीत. मी शेजारी बसले. खरं सांगते, मला लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा संध्याकाळ होऊन रक्ताची खिडकी बंद झाली होती. दोघं डॉक्टर आत बराच वेळ बोलले, मग आम्हाला बोलावलं.

“रक्त नेहमी कधी देता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“खिडकी उघडताच. कापणी अडते ना.”

डॉक्टरीणबाई मागे टेकल्या. “ही गोळी घेणाऱ्या काही जणांत पेशींचा आकडा सकाळी कमी दिसतो आणि दुपारी वर येतो. हे मी आधीच विचारायला हवं होतं. उद्या दुपारी रक्त द्या. तोवर गोळी चालू ठेवू. मात्र ताप आला, घसा दुखला तर त्याच क्षणी इथे या.”

म्हणजे बघा, एवढी वक्तशीर बाई, आणि तिचा वक्तशीरपणाच तिची गोळी काढून घ्यायला निघाला होता!

डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, “गंमत अशी की उंदरांवर प्रयोग झालेत. स्वतःच्याच मेंदूवर चालून जाणाऱ्या पेशींना या गोळीने आवर बसलेला दिसला. पण ते उंदरांत, आणि आजारही वेगळा. तुमच्या ल्युपसला ही गोळी औषध आहे असं मी म्हणणार नाही.”

“उंदरांनाही आवाज ऐकू येत होते का हो?” कात्रीने विचारलं. सांध्यांचे डॉक्टर पहिल्यांदा हसले.

आता पुढचा पेच. यापुढे दर आठवड्याला भरदुपारी, ऐन पाळीत रक्त द्यायला जायचं. घरी दीर म्हणाले, “उद्या दाताचं सांग.”

“आणि पुढच्या आठवड्याला? किती दात आहेत मला?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना कापणीच्या टेबलापाशीच बोलावलं आणि साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “थायरॉइड खोटं. मला डोक्याचा आजार आहे. गोळी घेते, तिच्यासाठी रक्त तपासावं लागतं, दुपारीच.”

शिलाईची यंत्रं एकेक करत थांबली. मालकांची नजर पात्यावर गेली.

“बाई, तुम्ही उद्यापासून बटणांच्या टेबलावर बसा,” ते नरमाईने म्हणाले. “इथे पातं आहे. काही झालं तर?”

माझं डोकंच फिरलं. मी उठलेही होते. पण कात्रीने हातानेच मला बस म्हटलं.

“मालक, मला पंख्यातून माणसं बोलताना ऐकू यायची ना, तेव्हा मी याच पात्यावर होते. तेव्हा गोळी नव्हती. तुम्ही म्हणायचात, बाई फार शांत आहे, मान वर करत नाही. आता गोळी आहे, मी शांत नाही, तुमच्याशी भांडते आहे, आणि आता तुम्हाला पात्याची भीती वाटते?”

मालकांनी टेबलावरची एक कापलेली बाही उचलून उलटीपालटी केली.

“माझ्या हातून एक तरी बाही वाकडी गेली असेल तर दाखवा. मी आपण होऊन बटणं लावायला बसते.”

मालकांनी हातातली बाही परत ठेवली आणि टेबलापासून बाजूला झाले. कात्रीने सुजलेल्या बोटांवर जाळीचा मोजा चढवला. दुखलं, मला दिसलं. यंत्र सुरू केलं, दुपारपर्यंतचं कापून टाकलं आणि सगळ्यांच्या देखत रक्त द्यायला निघाल्या. मी बरोबर गेले. माझी अर्धी रजा कापली तर कापू दे.

आकडा वर आला होता. फार नाही, पण गोळी चालू राहील इतका. सांध्यांच्या डॉक्टरांनी ल्युपससाठी पेशींना सहसा धक्का न लावणारं औषध निवडलं. कागद परत देताना म्हणाले, “पण बाई, खोटा दिलासा देत नाही. पुढे दुपारचा आकडाही घसरू शकतो. मग गोळी थांबवण्याचा विचार करावाच लागेल.”

दीर माझ्यामागे कधी येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नव्हतं. काम टाकून आले होते. ते पुढे झाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

“मग आधी आम्हाला बोलवा,” ते म्हणाले. “हिला विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही.”