रत्नानं केलेली एकच भाकर

शेजारच्या सूनबाईच्या तव्यावर कणीक भाजल्याचा वास आला, की मला आमच्या चर्चचं फाटक दिसतं. पाळकाला, म्हणजे आमच्या धर्मगुरूला, ठेवायचं की काढायचं, यावरून मंडळीत दोन गट पडले होते. फाटकाला दोघांची दोन कुलपं, आणि पेपरात आमची छी-थू. प्रभुभोजनाची भाकर, उपासनेत मोडून सगळ्यांनी मिळून खायची ती, माझी बायको रत्ना घरीच भाजायची. एका रविवारी दोन्ही गटांनी रस्त्यावरच वेगळी उपासना मांडली आणि दोन्हीकडून निरोप आला, भाकर आमच्याकडं पाठवा. तिनं एकच भाजली आणि दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"वहिनी, अर्धी मोडून द्या की," चर्चचा सेक्रेटरी म्हणाला.

"मोडायची ती एका टेबलावर. या सगळे."

कुणी हललं न्हाय. वर मीच सगळ्यांसमोर ओरडलो, "दोन केल्या असत्या तर हात झिजले असते व्हय तुझे?"

रत्ना भाकर पदराखाली झाकून घरी गेली.

आता पाळक गेला, सेक्रेटरी गेला, यंदा रत्नाही गेली. भांडण तेवढं धडधाकट हाय. मंडळी सुधारायची न्हाय, तो नाद मी सोडला. पण त्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन उभा राहायला पाहिजे होतं. दोघं तरी झालो असतो.