सुल्माचा दुसरा तुंबा

उरुग्वेतल्या मोंतेविदेओ शहराच्या सेरो वस्तीत विल्मारचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. माणूस एक नंबरचा बडबड्या. गिऱ्हाईक पंक्चर काढायला येतं आणि याच्या गप्पांतून तासाभराने सुटतं. पण ट्यूबमधलं भोक त्याला सापडलं नाही, असं कधी झालं नाही. ट्यूब पाण्याच्या टबात बुडवायची, बुडबुडे आले की तिथे बोट ठेवायचं. जगातलं सगळं असंच सापडतं, अशी त्याची पक्की समजूत होती. बायको आजारी पडली आणि ती समजूत मोडली.

सुरुवात झाली तुंब्यावरून. आमच्याकडे त्याशिवाय सकाळ होत नाही. तुंब्यात येर्बाची कडू पत्ती, वर थर्मासमधलं गरम पाणी, आणि एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. भरणारा एकच. आपला तुंबा संपला की मुकाट्याने परत द्यायचा, तो पुन्हा भरून देतो. ‘धन्यवाद’ म्हटलं की समजायचं, याला आता पुरे. सुल्मा म्हणजे थर्मास खडखडीत झाल्याशिवाय न उठणारी बाई. सबंध संसारात तिने नवऱ्याला धन्यवाद दिले नव्हते, आणि ती दोघांच्या थट्टेची जुनी गोष्ट होती. एका सकाळी पहिलाच तुंबा परत देताना ती म्हणाली, “धन्यवाद.”

मग जेवण सुटलं, अंघोळ सुटली, बोलणं सुटलं. नैराश्याच्या गोळ्या बदलून बदलून डॉक्टरांनी हात टेकले. सुल्मा भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. पाण्याचा थेंबही घेईना, तेव्हा इस्पितळात नेऊन सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टर इराओला बाईंनी आडपडदा ठेवला नाही. भूल देऊन डोक्याला विजेचे झटके द्यायचे, आणि तेही लवकर, नाहीतर ही अशीच विझत जाईल, असं त्या म्हणाल्या. विल्मारची पाचावर धारण बसली. तरी त्याने सही केली.

बाईंचं एक संशोधनही चाललं होतं. झटक्यांच्या आधी आणि नंतर रोग्याचं रक्त तपासायचं, आणि गुण कोणाला येणार ते रक्तातल्या खुणांवरून आधीच कळतं का, ते बघायचं. विल्मारने त्यालाही सही दिली, पण त्याचा हिशेब वेगळा होता.

“म्हणजे रक्त बघून सांगाल, ही बरी होणार की नाही?”

“नाही हो, विल्मार. तेवढं अजून कळत नाही. हे पुढच्या लोकांसाठी आहे.”

“म्हणजे टब आहे, पण टबात पाणी नाही.”

“तसंच समजा,” बाई म्हणाल्या.

पहिल्या झटक्याच्या दिवशी सुल्माचं पोट रिकामं हवं, असं बजावलं होतं. सकाळी विल्मार तिच्या उशाशी बसून स्वतःपुरता तुंबा भरत होता. आणि सुल्माने हात पुढे केला. इतक्या आठवड्यांत तिने काही मागितलं नव्हतं. आनंदाने त्याचं भानच सुटलं. शिवाय रिकामं पोट म्हणजे जेवायचं नाही. तुंब्याला आमच्याकडे खाण्यापिण्यात धरतंय कोण? तिने तळापर्यंत ओढला, परत दिला, आणि म्हणाली, “धन्यवाद.” मग डोळे मिटून घेतले.

विल्मारला वाटलं, ही निरोप घेतेय. जे काय करायचं ते आजच झालं पाहिजे, उद्याचा भरवसा नाही.

नर्स मिर्ता आली. काही खाल्लं-प्यायलं का, तिने विचारलं. नाही, विल्मार म्हणाला. मग बाईंनी रक्त घ्यायला सुल्माचा दंड बांधला आणि सहज विचारलं, कॉफी, येर्बा काही दिलं नाही ना? त्यानेसुद्धा रक्ताचे आकडे हलतात. आता मात्र तो कात्रीत सापडला. खरं सांगावं तर आजचं रद्द होणार. त्याने पायाने थर्मास खुर्चीखाली सारला आणि काहीच दिलं नाही म्हणून सांगितलं. रक्ताने नळी भरली. खाट निघाली.

खाटेबरोबर चालता चालता त्याने मिर्ताला विचारलं, पोट रिकामं कशाला लागतं? भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं, मिर्ता म्हणाली, माणूस हातचा जातो. झटक्यांच्या खोलीचं दार उघडलं. खाटेचा दांडा विल्मारने घट्ट धरला होता, तो त्याला सोडवेना.

“थांबा. मी तिला तुंबा पाजलाय.”

“कधी?” बाई म्हणाल्या.

“आत्ताच. तुम्ही यायच्या आधी. मी खोटं बोललो.”

बाईंनी रक्ताची नळी खिशातून काढून कचऱ्यात टाकली. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण त्या ओरडल्या नाहीत. भूल देणारे डॉक्टर आता परवा येणार, एवढंच म्हणाल्या.

ते दोन दिवस विल्मार खुर्चीवरून हलला नाही. सुल्माची छाती वरखाली होतेय का, तेवढंच बघत बसायचा. बोललो नसतो तर माझ्या हातून मेली असती, आणि बोललो म्हणून परवापर्यंत टिकली नाही तर? स्वतःला शिव्या घालून घालून तो थकला. थर्मासला त्याने हातही लावला नाही.

ती टिकली. पुन्हा रक्त घेतलं, पहिला झटका झाला, दुसरा झाला, आणि फरक म्हणाल तर काडीचाही नाही. विल्मार दर वेळी बाईंना विचारी, रक्त काय म्हणतंय? बाई दर वेळी नकारार्थी मान हलवत. मग एकदा सुल्माने कूस बदलली. पुढे चमचाभर सूप घेतलं. झटक्यांमुळे महिना कोणता ते तिला आठवेना, शेजारणीचं नावही आठवेना, पण विल्मारचा शर्ट मळलाय हे तिने बरोबर ओळखलं.

झटके संपले. शेवटचं रक्त घेऊन बाई दारापर्यंत गेल्या होत्या. आता तुंबा दिला तर चालेल का, विल्मारने विचारलं. खुशाल द्या, बाई म्हणाल्या. त्याने तो घाईघाईने भरला, थोडं पाणी चादरीवर सांडलं. सुल्माने सावकाश ओढला. नळी खालून वाजली. तिने तुंबा परत दिला.

विल्मार तो हातात धरून तिच्या ओठांकडे बघत राहिला. आता म्हणेल, आता म्हणेल. दारात बाईही थांबल्या होत्या.

“कसली वाट बघतोस, म्हाताऱ्या?” सुल्मा म्हणाली. “भर की.”