पुसायचं राहिलेलं मशीन

"डिलीट केलं म्हणजे दारावरची पाटी काढली. माणूस आतच आहे." जुना कॉम्प्युटर विकायला आलेल्या प्रत्येकाला काका हे सांगत आणि बोटाच्या पेराने हार्ड डिस्कवर दार वाजवल्यासारखं वाजवत.

पर्वत पाटियाजवळच्या दुकानात काकांचं आणि माझं टेबल शेजारी होतं. आम्ही जुनी मशीनं घेऊन, दुरुस्त करून विकायचो. त्याआधी वीस वर्षं काका पांडेसऱ्यात रंगाईच्या कारखान्यात होते. छातीने साथ सोडली तेव्हा उतारवयात हे काम शिकले. डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहायची, म्हणजे जुनं काही परत निघत नाही. याला चार-पाच तास लागत. तोवर काका मशीनपासून हलत नसत. बिघडलेल्या डिस्कला ड्रिलने आरपार भोकं पाडत. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

एकदा कोसाडची एक मुलगी आपलं मशीन विकायला घेऊन आली. त्यावर साड्यांची डिझाइनं काढायची. लग्न ठरलं होतं. जाताना हळूच म्हणाली, "काका, सगळं पुसाल ना?"

"मी आहे ना, बेटा."

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. त्याला तेच मशीन हवं होतं, आत्ताच. काका म्हणाले, "अजून पुसलं नाही. संध्याकाळी घेऊन जा." गिऱ्हाईक उभं आहे म्हणून मालक गुजरातीत करवादला, "फॉर्मेट मारी दे ने, घराक ऊभो छे." काका दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी झटपट फॉर्मेट मारलं, म्हणजे नुसती पाटी काढली, आणि मशीन दिलं. बिल दिलं नाही. तसं आम्ही कुणालाच देत नव्हतो.

त्या माणसाने मुलीचे खासगी फोटो परत काढले. आधी तिला धमकावलं, मग होणाऱ्या सासरी पाठवले. लग्न मोडलं. वडिलांनी तिला धुळ्याजवळच्या गावी नेऊन ठेवलं.

वडील दुकानात आले तेव्हा मालक म्हणाला, "असं मशीन आमच्याकडून गेलंच नाही." माझ्याकडे पाहिलं. मी हातातला स्क्रू घट्ट करत राहिलो.

काका उठून त्यांच्यासमोर गेले. दोघंही खानदेशातले. काका अहिराणीतच बोलले, "भाऊ, चूक मनी शे. मीच दिधं ते मशीन."

वडिलांनी त्यांच्या थोबाडीत मारली. काकांनी हात वर केला नाही. तसेच त्यांच्याबरोबर पोलीस चौकीत गेले आणि जबाब दिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं टेबल मालकाने मला दिलं.

पुढे दोन वर्षं काका त्या माणसावरच्या खटल्याच्या तारखा विचारत कोर्टाच्या चकरा मारायचे. मी कधी भेटायला गेलो की खोकला थांबवून विचारायचे, "तूही होतास ना तिथे?"

"काका, दोन पोरं आहेत मला."

"बरं." त्यांनी परत कधी आग्रह केला नाही. चहा मात्र पाजायचे.

साक्षीची तारीख लागली आणि त्याच्या तीन आठवडे आधी काका वारले. त्यांच्या घरचं कुणी जाण्यासारखं नव्हतं, म्हणून कळवायला मी कोर्टात गेलो.

बाकावर मुलगी आणि वडील बसले होते. ती इतकी वाळली होती की आधी मी ओळखलंच नाही. पट्टेवाल्याने काकांच्या नावाचा पुकारा केला. ती दाराकडे पाहू लागली. मी जवळ जाऊन सांगितलं.

ती वडिलांकडे वळली. म्हणाली, "आता मशीन त्याला त्या दुकानातूनच दिलं होतं हे कोण सांगेल?"

"मी," मी म्हणालो. "मी होतो तिथे."

सरकारी वकिलांनी कागद चाळले. "तुमचं नाव साक्षीदारांच्या यादीत नाही. दोन वर्षं कुठे होता?" मग म्हणाले, "अर्ज देऊन बघू. मंजूर होईलच असं नाही."

पुढची तारीख मिळाली. धुळ्याची बस चुकू नये म्हणून वडील घाईने उठले. मुलगी माझ्यासमोर थांबली. तिलाही वकिलांचाच प्रश्न विचारायचा असावा.  ओढणी डोक्यावरून पुढे ओढून ती जिना उतरून गेली.