चाळीस नंबरवाला महादेव

लालबागला माझं गाड्यांच्या ऑइलचं आणि बारीकसारीक स्पेअर पार्टचं दुकान आहे. पस्तीस वर्षं मी तेल विकतोय, आणि एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त ताप ज्या गिऱ्हाइकानं दिला त्याचं नाव महादेव तांडेल. तो महिन्यातून एकदा यायचा, अर्धा लिटर चाळीस नंबर, म्हणजे जाड इंजिन ऑइल, मागायचा आणि ते घ्यायला वीस मिनिटं लावायचा.

आधी तेलाचा थेंब तर्जनीवर घ्यायचा. अंगठ्यानं चोळायचा. मग दोन्ही बोटं हळूहळू लांब करत तार कुठपर्यंत धरते ते बघायचा. वास घ्यायचा. सीलबंद डबा असला तरी तो फोडायला लावायचा, आणि मग माझ्याकडे असं बघायचा की जणू ते तेल मी मोरीत बसून तयार केलंय. शेवटी म्हणायचा, "चालंल." मागे रांग लागलेली असायची.

महादेव मूळचा वरळी कोळीवाड्यातला. कोळ्याचा पोर असून त्याला बोट लागायची. दोनदा समुद्रावर नेला, दोनदा आडवा पडला, तेव्हा बापानं हात जोडले आणि ओळख काढून त्याला डिलाईल रोडच्या एका गिरणीत चिकटवला. तिथे त्याला तेलवाल्याचं काम मिळालं. सूतखात्यात रांगेनं फिरायचं आणि हजारो चात्यांना, म्हणजे सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्यांना, तेल पाजायचं. सोळा वर्षं त्यानं तेच केलं. बायकोला, मंजुळेला, आजही विचारा, ती सांगेल की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर पहिल्यांदा तिला तेलाचा वास आला आणि नंतर नवरा दिसला.

ब्याऐंशीला संप झाला. दीड वर्षानं गिरणीच्या गेटवर कामावर घेतलेल्यांची यादी लागली, त्यात महादेवचं नाव नव्हतं. नसणारच, कारण त्याचं सूतखातंच उरलं नव्हतं. मशिनं भंगारात निघाली होती. ती ट्रकवर चढवत होते तेव्हा तो फाटकाशी उभा होता. म्हणाला, "कोरडी नेतायत रे."

मग तो अडतिसाव्या वर्षी गाडी शिकला आणि एक जुनी फियाट टॅक्सी घेतली. गिरणी मालकाची होती, ही स्वतःची. ही बंद कधी करायची ते तो ठरवणार होता, आणि त्याचा विचार तिला कधीच बंद न करण्याचा होता. रोज सकाळी सातला, जुन्या पहिल्या पाळीच्या वेळेला, तो बॉनेट उघडायचा, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचा आणि तिच्यावरचं तेल बोटांवर चोळायचा. तेल कमी झालं की डॅशबोर्डवर जो लाल दिवा लागतो, तो त्याच्या गाडीत कित्येक वर्षं उडालेला होता. मी नवीन बल्ब देऊ केला तर म्हणाला, "मला कशाला? मी बगतो ना रोज."

त्यामुळे झालं काय, की स्टँडवरचे सगळे टॅक्सीवाले त्याला मानायला लागले. महादेवनं एखाद्या तेलावर मान हलवली की आठ दिवसांत तेच तेल मला सगळीकडे द्यावं लागायचं. त्यानं तोंड वाकडं केलं की ते तेल माझ्याकडे पडून राहायचं. माझ्या दुकानाचा खरा मालक तो होता.

नव्याण्णव साली माझ्याकडे सिंथेटिक ऑइल आलं. कारखान्यात बनवलेलं, पातळ, सोनेरी, देखणं. किंमत तिप्पट. मी हौसेनं दीड डझन डबे घेतले आणि तीन महिने त्यांच्यावरची धूळ पुसत बसलो. सगळे एकच विचारायचे, "महादेव काय बोलला?"

महादेवनं ते चोळलं होतं. म्हणाला होता, "ह्याला अंग नाय रे, नाना. नव्या गाडीला चालंल. माझ्या म्हातारीला नको."

माझं डोकं फिरलं. मी त्याला पत्रक वाचून दाखवलं. इंजिन आतून स्वच्छ ठेवतं, दहा हजार किलोमीटर बघायला नको. तो ऐकत होता आणि बोटं पुसत होता. तेव्हा मी म्हणालो, "महादेव, गिरणी बंद झाली. सतरा वर्षं झाली. आता तरी बाहेर ये."

त्यानं बोटं पुसायचं थांबवलं. मग म्हणाला, "घाल."

तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी व्यापारी. स्टँडवर चारचौघांदेखत तो रोज सकाळी पट्टी काढून बघायला लागला तर माझं दहा हजार किलोमीटर कोण खरं मानणार? मी त्याच्याकडून शब्द घेतला, की महिनाभर पट्टी काढायची नाही. त्यानं शब्द दिला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला तो बॉनेटजवळ उभा राहायचा, हात मागे बांधून. स्टँडवरच्यांनी हे पाहिलं आणि पाच दिवसांत माझे अकरा डबे गेले. मी खूश होतो, खोटं कशाला सांगू?

सहाव्या दिवशी मंजुळा त्याला म्हणाली, "अवो, गाडीखाली काळं काळं दिसतंय." त्या गल्लीत सगळ्यांच्याच गाड्या गळत, जमीन आधीपासूनच काळी. तरी त्याला समजलं असणार. तो तिला म्हणाला, "नानाला शब्द दिलाय." हे मला तिनं नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

नवव्या दिवशी परळच्या पुलावर इंजिन बसलं. पॅसेंजर उतरला, मीटरप्रमाणे पैसे दिले आणि दुसरी टॅक्सी करून गेला. महादेवनं गाडी ढकलत आनंदा मेकॅनिकच्या गॅरेजपर्यंत आणली. कुणाला हाक मारली नाही.

मी शिव्या खायच्या तयारीनं गॅरेजमध्ये गेलो. आनंदानं इंजिन खोललं होतं. आत तेलाचा थेंब नव्हता, बेअरिंग वितळून चिकटली होती. "नाना, ह्यात आता काय उरलं नाय," आनंदा म्हणाला. महादेव खाली बसून त्या बेअरिंगवरून बोट फिरवत होता.

"तेल तुझं चांगलं होतं," तो म्हणाला. "जुन्या इंजिनात मळ साचतो. तो मळच तेल अडवणारी सीलं धरून ठेवतो. तुझ्या तेलानं मळ धुतला, सीलं मोकळी झाली, तेल गेलं. गिरणीतपण जुन्या चातीचा मळ आम्ही काढायचो नाय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मग काय, सोळा वर्सं झक मारली काय?"

"मग घातलंस कशाला?"

"तू बोललास ना, बाहेर ये म्हणून. मला वाटलं, सगळेच बोलतात तर आसंल. आपलंच चुकत आसंल."

मला तिथे रडू आलं. आनंदा दुसरीकडे बघायला लागला. मी दुसरं इंजिन बसवून देतो म्हणालो, पुन्हा पुन्हा म्हणालो. महादेवनं नकारार्थी मान हलवली. इतक्या जुन्या गाडीला आता आरटीओचं पासिंग मिळणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. टॅक्सी भंगारात गेली. त्या दिवशी, गिरणीच्या वेळेसारखा, तो फाटकाशी उभा राहिला नाही, घरीच थांबला.

विकलेलं तेल मी सगळ्यांना बदलून दिलं आणि उरलेले डबे परत पाठवले. आता तेल मागायला कुणी आलं की आधी गाडीचं वय विचारतो. नवी असेल तर सिंथेटिक, जुनी असेल तर चाळीस नंबर. लोकांना वाटतं नानाला धंद्यातलं बरंच कळतं.

महादेव सध्या एका मालकाची नवी टॅक्सी पाळीनं चालवतो. तिला सिंथेटिकच लागतं आणि ते त्या मालकाच्या ठरलेल्या गॅरेजमध्येच बदलतात. पहिल्याच दिवशी मालकानं त्याला बजावलं, की बॉनेट उघडायचं नाही. परवा सिग्नलला त्याची टॅक्सी माझ्या दुकानासमोर थांबली. काहीतरी बोलायचं म्हणून मी ओट्यावरून ओरडलो, "काय रे महादेव, तेल बघितलंस का?"

"आपलं काम नाय ते," तो म्हणाला. सिग्नल सुटला आणि तो गेला.